पागोळ्या

दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप आला की आमच्या घरी दोन शोध एकदम सुरू होतात. सौ. माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या शोधू लागते आणि मी विषय. सोऱ्या दरवर्षी सापडतो. विषयाची तशी खात्री देता येत नाही. आठवड्याच्या सदराचे एक बरे असते. वाचक घरच्यासारखा येतो. त्याला कालची पोळी कुस्करून फोडणीस घालून दिली तरी तो रागावत नाही. दिवाळी अंकात मात्र तोच वाचक पाहुणा होऊन येतो. त्याच्यापुढे डब्याच्या तळाचा चिवडा कसा ठेवायचा?

यंदा मला विषय शोधावा लागला नाही. तो आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीपलीकडून आपण होऊन आला. आणि आला तो किंचाळतच आला.

झाले असे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सध्या आमच्याकडे राहते. ती डॉक्टर आहे. म्हणजे परदेशची पदवी हातात आहे आणि इथली परीक्षा अद्याप व्हायची आहे. रत्नागिरीस घरी अभ्यास होत नाही म्हणून पुण्यास मामाकडे आली. मुलगी शांत, मितभाषी. सकाळचा चहा आपण होऊन करून आम्हा दोघांच्या हातात देणारी. अशा मुलीच्या खोलीतून एके रात्री असा काही आवाज येऊ लागला की सौ. अंथरुणात उठून बसली. "पाण्याचा पंप कोरडा चाललाय बहुतेक," ती म्हणाली, "खाली जाऊन बघा तरी!" मी बॅटरी घेऊन तीन जिने उतरलो. पंप बंद होता. धापा टाकीत वर आलो आणि भाचीच्या दाराशी थबकलो, तेव्हा उलगडा झाला.

"अगं, हे काय लावलं आहेस?"

"ब्लॅक मेटल, मामा. ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल."

"म्हणजे?"

"म्हणजे वातावरण निर्माण करणारं."

"ते झालंच आहे," मी म्हणालो. "मामी उठून बसली आहे."

ती ओशाळली. तिने इयरफोन कानांत घातले आणि घर निवांत झाले. पण माझी झोप उडाली ती उडालीच. मास्तरकीची ही एक खोड आहे. न आवडलेल्या गोष्टीचेही मूळ पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. चहा झाल्यावर मीच म्हटले, "चल, ऐकव तुझं ते वातावरण."

ऐकले. गिटारींचा असा गदारोळ, की सुरांचे वेगळेपण लोपून आषाढाची झड लागल्याचा भास व्हावा. ढोल इतक्या वेगाने चाललेले, की गोंधळातले संबळ त्यापुढे विलंबित वाटावे. आणि या सगळ्याच्या मागे, शेताच्या पल्याडच्या बांधावरून कुणी हाका मारीत असावे तसा एक माणूस घसा फोडून ओरडत होता. गाणीही लांबलचक, एकेक सरता सरत नाही. मधूनच सगळे शांत होई, एखादी साधी, उदास चाल तारांवर वाजे, आणि आता हे गाणे माणसात आले असे वाटते न वाटते तोच पुन्हा झड सुरू.

या संगीताचे कुळ काही सोवळे नाही. ‘ब्लॅक मेटल’ हे नाव इंग्लंडातल्या ‘व्हेनम’ नावाच्या वाद्यवृंदाच्या १९८२ सालच्या तबकडीवरून आले. पण ते वाढले नॉर्वेत, १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत. आणि तिथे त्याच्या काही तरुण भक्तांनी जुनी लाकडी चर्चे जाळण्यापर्यंत मजल नेली. बर्गेनजवळचे फान्टॉफ्टचे चर्च १९९२ साली असेच जळाले. पुढे एका वादकाने दुसऱ्याचा खूनही केला. त्या कुळातून पुढे जी एक शाखा फुटली तिला सैतानापेक्षा अरण्ये, बर्फ, शरद ऋतू, जुनी गावे यांचे वेड लागले. तीच ही ‘वातावरणा’ची शाखा.

भाचीने लावली होती ती नवी तबकडी मार्च २०२५ मध्ये निघालेली. नाव ‘शॅडो प्ले’, म्हणजे सावल्यांचा खेळ. वाद्यवृंदाचे नाव द्रुद्ख. गाव खार्किव्ह, देश युक्रेन. ‘द्रुद्ख’ म्हणजे संस्कृतात लाकूड, असे या नावाबद्दल सांगतात. आता संस्कृताचे नाव निघाल्यावर माझ्यासारख्याने कोश न उघडणे म्हणजे मांजराने दुधाकडे पाठ फिरवणे. या रूपाचा शब्द संस्कृतात नाही. पण ‘द्रु’ आहे, ‘दारु’ आहे, आणि दोन्हींचा अर्थ लाकूड असाच आहे. त्यातूनच आपला द्रुम आला, देवदार आला आणि आजीच्या बटव्यातली दारुहळदही. युक्रेनी भाषेत झाडाला ‘देरेवो’ म्हणतात, इंग्रजीत ट्री. सगळी एकाच खोडाची फांदी-पाने! म्हणजे रात्री आमच्या घरात जे किंचाळत होते ते अगदीच परके नव्हते. दूरच्या भाऊबंदांपैकी होते म्हणायचे.

हे लोक फार विचित्र. वाद्यवृंद २००२ साली निघाला, पहिली तबकडी २००३ साली आली. पण हे मैफली करीत नाहीत, मुलाखती देत नाहीत, आपली छायाचित्रे मिरवीत नाहीत. प्रसिद्धीसाठी झाडावर चढायला तयार असलेल्या आजच्या जगात हा बाणा मला मनापासून आवडला. पण खरा धक्का पुढेच होता.

"मामा, तुम्हाला सांगू? यांची गाणी बरीचशी यांची स्वतःची नसतातच," भाची म्हणाली. "कवितांना चाली लावतात. जुन्या युक्रेनी कवींच्या."

मी खुर्चीत सावरून बसलो. "आणि कविता अशी ओरडून म्हणतात? एक अक्षर कळलं नाही मला! कवितेचा शब्द स्पष्ट ऐकू यायला नको का?"

त्यावर ती जे म्हणाली ते मी जसेच्या तसे देतो, कारण ते मला अजून टोचते आहे.

"तुमच्या वर्गात स्पष्ट ऐकू येतात ना शब्द? मग वर्षाअखेरीस किती जणांच्या लक्षात राहतात?"

वाचकांपासून काय लपवायचे? बावीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. पहिल्या वर्षी वर्गात बाके पुरत नसत. आता मुले पुरत नाहीत. जी येतात त्यांतली निम्मी हजेरीसाठी येतात आणि उरलेली पंख्याखालची जागा धरण्यासाठी. मी कविता स्पष्ट वाचतो. अर्थ सांगतो, अलंकार सांगतो, कवीचे जन्मसाल सांगतो. आणि तास संपल्याची घंटा झाली की कविता माझ्याबरोबर खोलीबाहेर पडते. वर्गात कुणापाशी राहत नाही. इकडे मात्र कुठली कुठली मुले या न कळणाऱ्या आरोळीमागचा शब्द कोणता, हे हुडकीत बसतात आणि हुडकता हुडकता कवीपाशी येऊन ठेपतात. माझी भाची तशीच आली होती.

मग तिने एकेक तबकडीचे शब्द दाखवायला सुरुवात केली आणि पुढचे दोन-तीन रविवार माझा वर्ग भरला. फरक इतकाच की बाकावर मी होतो.

पहिला धडा तारास शेव्हचेन्कोचा. हा त्यांचा महाकवी. जन्म १८१४ चा, तोही वेठबिगार कुळाच्या घरात. चित्रकलेतला त्याचा हात पाहून काही भल्या माणसांनी एका थोर चित्रकाराचे चित्र सोडतीत काढले आणि त्या पैशांतून १८३८ साली त्याला मालकाकडून सोडवले. त्याच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘कोबझार’, साल १८४०. कोबझार म्हणजे तंतुवाद्य घेऊन गावोगाव वीरगाथा गात फिरणारे गायक, बहुतेक आंधळे. आपल्या शाहिराची आणि गोंधळ्याची याद यावी असे. १८४७ साली त्याला पकडून दूर वाळवंटी मुलखात शिपाईगिरीवर धाडले, आणि याला लिहू देऊ नये, चित्रेही काढू देऊ नयेत, अशी ताकीद खुद्द झारने आपल्या हाताने लिहिली. त्यावर या पठ्ठ्याने काय करावे? इवल्याशा वह्या शिवून त्यांत कविता लिहिल्या आणि त्या बुटात लपवून ठेवल्या! तुकोबांचा गाथा इंद्रायणीने तारला. शेव्हचेन्कोचा त्याच्या बुटाने. द्रुद्खने २००५ साली काढलेल्या ‘द स्वान रोड’ या तबकडीत शब्द त्याचे आहेत. आणि तिच्या शेवटी गदारोळ एकाएकी थांबतो व एक कोबझार नुसत्या तारांवर जुना पोवाडा गातो. तो ऐकताना सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "हे बरं आहे," ती म्हणाली. आमच्या घरात द्रुद्खला मिळालेली ती पहिली दाद.

दुसरा धडा जड होता. १९२० नंतर खार्किव्ह ही सोव्हिएत युक्रेनची राजधानी होती (१९३४ पर्यंत) आणि तिथे नव्या कवींची, कादंबरीकारांची, नाटककारांची मोठी पिढी उभी राहिली होती. या मंडळींनी सहकारी तत्त्वावर एक इमारत बांधली. आपल्याकडे वांद्र्याला साहित्य सहवास आहे, त्याच जातीची कल्पना. बिऱ्हाडे सहासष्ट. नाव ‘स्लोव्हो’, म्हणजे ‘शब्द’. आणि वरून पाहिले तर इमारतीचा आकारही त्यांच्या लिपीतल्या ‘स’सारखा. १९३० च्या सुमारास लेखक तिथे राहायला आले. मे १९३३ मध्ये एका मित्राला पकडून नेल्यावर कादंबरीकार मिकोला ख्विल्योव्ही याने त्याच इमारतीत स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यानंतर दारावर रात्री थाप पडण्याचे सत्रच सुरू झाले. निम्म्याहून अधिक बिऱ्हाडांतली माणसे अशी गेली. १९३७ च्या २७ ऑक्टोबरपासून ४ नोव्हेंबरपर्यंत कारेलियातल्या सांदारमोख नावाच्या रानात सोलोव्हकीच्या तुरुंगातल्या १,१११ कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यांत त्या पिढीचे कितीतरी लेखक होते. मिकोला झेरोव्ह हा त्यांतलाच एक. कीव्हमध्ये साहित्य शिकवणारा प्राध्यापक, लॅटिन कवितेचा भाषांतरकार. तुरुंगातही तो व्हर्जिलच्या महाकाव्याचे भाषांतर करीत होता. ते हस्तलिखित गेले ते गेलेच. या पिढीला पुढे नाव पडले ते १९५९ साली पॅरिसला निघालेल्या एका साहित्यसंग्रहावरून: ‘गोळी घातलेले पुनरुज्जीवन’.

त्याच १९३७ साली तिकडे पोलंडच्या ताब्यातल्या लव्हिव्ह शहरात बोहदान-इहोर आन्तोनिच हा कवी अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी आजाराने वारला. त्याच्याही कविता द्रुद्खने घेतल्या आहेत.

मी हे ऐकत होतो आणि मला सारखी साहित्य सहवासाची आठवण येत होती. समजा, तिथल्या एकेका दारावरची पाटी रात्रीतून उतरवली गेली असती, तर पुढच्या पिढीला मी काय शिकवले असते?

"तू पाहिली आहेस ती इमारत?" मी विचारले.

"रोज तिच्या अंगावरून जायचे," भाची म्हणाली. "तेव्हा ठाऊकच नव्हतं. परत आल्यावर या गाण्यांमुळे कळलं."

होय, हे सांगायचे राहिलेच. आमची भाची खार्किव्हलाच वैद्यकी शिकत होती. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू झाले तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती. सहा दिवस वसतिगृहाच्या तळघरात काढले. १ मार्चला खाण्याचे जिन्नस आणायला रांगेत उभा असलेला कर्नाटकातला एक विद्यार्थी तिथे गोळाबारात गेला. २ मार्चला आपल्या दूतावासाची सूचना आली की संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन मिळत नसेल तर चालत निघा. पिसोचिन गाव अकरा किलोमीटर. ही पोर पाठीवर एक पिशवी घेऊन बर्फातून चालत निघाली आणि कित्येक दिवसांनी विमानाने मायदेशी उतरली. उरलेले शिक्षण दुसऱ्या देशात पुरे केले. पण त्या दिवसांबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती, आईशीसुद्धा नाही. आम्हीही विचारले नव्हते. अशा वेळी न विचारणे म्हणजेच समजूतदारपणा, असे आपण धरून चालतो. त्याच मार्चमध्ये स्लोव्हो इमारतीलाही तोफगोळ्यांनी इजा झाली.

आता पागोळ्यांकडे येतो. द्रुद्खची २०१८ सालची एक तबकडी आहे. तिच्यातही त्या १९२०-३० च्या काळातल्या कवींचे शब्द आहेत. तिच्या इंग्रजी नावाचा अर्थ असा: ‘त्यांना पुष्कळदा वसंताची स्वप्ने पडतात.’ मी म्हटले, नाव बेताचेच आहे. वसंत आणि स्वप्ने काय, कुणीही जोडील.

"मूळ नावात वसंत नाहीच, मामा," भाची म्हणाली. "‘कापिझ’ असा शब्द आहे. आमच्या वसतिगृहावर एक म्हातारी राखणीला असायची, खेड्यातून आलेली. हिवाळा संपत आला की छपरावरचा बर्फ वितळून कडेनं थेंब गळायला लागतात. त्यांच्याबरोबर कधी बर्फाचे सुळकेही पडतात. ती आम्हाला ओरडायची, कापिझ, कापिझ, भिंतीपासून लांब चाला! त्याला मराठीत काय म्हणायचं ते मला येत नाही. छपराचं टपटपणं म्हणू का?"

"पागोळ्या!" मी जवळजवळ ओरडलोच.

कोकणातल्या कौलारू घरात वाढलेल्या कुणालाही हा शब्द सांगावा लागणार नाही. पाऊस ओसरला की वळचणीच्या कौलांवरून अंगणात ज्या धारा-थेंब ओघळतात त्या पागोळ्या. खाली मातीत त्यांनी पाडलेली एका रेषेतली खळगी आम्ही भावंडे मोजीत असू; या भाचीची आई त्यांत सर्वांत पुढे. आमच्याकडे पागोळी पावसाची, त्यांच्याकडे वसंताची. पण पागोळी ती पागोळी. इंग्रजीने ‘वसंत’ म्हणून जे गुळगुळीत केले होते त्याला मराठीत जशाचा तसा शब्द तयार होता. आणि तो माझ्या सख्ख्या भाचीला ठाऊक नव्हता. कारण ती जन्मली तोवर आजोळच्या घरावर स्लॅब पडला होता. छपराला वळचण उरली नाही, वळचणीला पागोळी उरली नाही, मग तोंडात शब्द कुठून उरणार? शब्दांना गोळ्याच घालाव्या लागतात असे नाही. कौले उतरवली तरी पुरते.

भाची कितीतरी वेळ गप्प होती. मग आपणच बोलू लागली.

"तळघराला वर एक झरोका होता, मामा. बाहेर गोळे पडायचे. मग थांबायचे. थांबले की सगळ्यांना वाटायचं, आता पुन्हा कधी? कुणी बोलायचं नाही. आणि त्या वेळात वरून थेंब पडायचे ते ऐकू यायचं. टप, टप. फेब्रुवारी संपत आला होता ना! मी ते मोजत बसायचे. शंभर मोजून झाले आणि काही झालं नाही, तर वाटायचं, आजचा दिवस गेला. अजून स्वप्नात तेच येतं. गोळे नाही येत. थेंब येतात."

सौ. कधी येऊन दारात उभी राहिली होती ते कळलेच नाही.

"मग हे असलं कशाला ऐकतेस, बाळ?" तिने विचारले. "पुन्हा तोच कल्लोळ?"

"तो बंद करणं माझ्या हातात नव्हतं, मामी. हा बंद करता येतो."

त्या दिवसापासून मधल्या खोलीतल्या आवाजाबद्दल आमच्या घरी तक्रार नाही. मला ते संगीत आवडू लागले, असे सांगितले तर ते खोटे होईल. गळा आहे तो गाण्यासाठी, हे माझे जुने मत कायम आहे. या वाद्यवृंदावर एके काळी आंधळ्या राष्ट्राभिमानाचे आरोप झाले, तेही मी विसरलेलो नाही. कवितेच्या आडून द्वेषही गाता येतो, हे आपल्या लोकांना निराळे सांगायला नको. पण नव्या तबकडीच्या वेळी त्यांच्या देशातल्या युद्धाला तीन वर्षे उलटून गेली होती. मग सावल्यांचा खेळ हे नाव मला नाटकी वाटले नाही. आणि कवितेला कुठल्या भांड्यात न्यायचे याबद्दलचा माझा सोवळेपणा बराच उतरला आहे. कुणी बुटातून नेली, कुणी आंधळ्याच्या तारांवरून, कुणी या आरोळीतून. पोचली की झाले.

परवा पहिल्या वर्षाच्या वर्गात मी पुस्तक बाजूला ठेवले आणि विचारले, "पागोळी म्हणजे काय?" अठ्ठावीस मुले गप्प. एकाने भीत भीत विचारले, "सर, पाककृती आहे का?" शेवटच्या बाकावरच्या, एरवी कधी तोंड न उघडणाऱ्या, मुळशीकडच्या मुलीने मात्र हात वर केला. "आमच्या आजीच्या घरी पडतात, सर," ती म्हणाली. मी तिला पुढे बोलावले आणि फळ्यावर घराचे चित्र काढायला लावले. तिने कौले काढली, पन्हळ काढली, वळचण काढली. प्रत्येकाचे नाव लिहिले. त्या तासाला घंटा झाल्यावर मुले लगेच उठली नाहीत. बावीस वर्षांच्या नोकरीत असे फार वेळा झालेले नाही.

दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून मी त्यांना एवढेच सांगितले आहे: आजी-आजोबांकडून एक शब्द आणा, जो तुम्हाला ठाऊक नाही, आणि तो ज्या वस्तूचा आहे ती वस्तू अजून आहे का ते पाहून या. वाचक हो, फराळाच्या ताटाभोवती तुमच्याही घरी चार पिढ्यांची माणसे जमतील. तुम्हीही विचारून पाहा. आणि घरात एखादे मूल कानात काही घालून गप्प बसलेले असेल, तर एकदा त्याच्याजवळ बसून ते काय ऐकते आहे तेही ऐका. कानाला थोडा त्रास होईल. पण तेवढा सोसावा.

आता मला उठले पाहिजे. सोऱ्या सापडला आहे. भाची चकल्या पाडायला बसली आहे आणि स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज येतो आहे, "लाव गं तुझं ते लाकूड, पण जरा हळू लाव!"